दिघीत जुनी पद्मिनी आणायची तर: पत्रा, पार्ट आणि पैशांचा हिशेब

समुद्रकाठच्या माणसाने जुनी मोटार घेताना इंजिनाचा आवाज सगळ्यात शेवटी ऐकावा. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. बोनेट उघडतात, सेल्फ मारतात, चारजण माना डोलावतात आणि सौदा ठरतो. प्रीमियर पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन अगदी साधं आहे. म्हसळ्याचा किंवा माणगावचा जाणता मिस्त्री ते उतरवून, बोअर मारून, नव्या पिस्टन-रिंगांवर पुन्हा उभं करतो आणि खर्च किती येईल तेही आधी सांगतो. खालचा पत्रा सडलेला असेल तर मात्र खर्चाचा आकडा कुणालाच आधी सांगता येत नाही. सडका भाग कापायला घेतल्यावरच तो कुठवर गेलाय ते दिसतं. दिघी, वेळास, दिवेआगर, बोर्ली पंचतन या पट्ट्यात जुनी गाडी घेऊन वापरणाऱ्याने पैसे राखून ठेवायचे ते पत्र्यासाठी.

पद्मिनीच का निवडली, तर आपल्या भागात जुन्या गाडीचा विषय निघाला की बहुतेकांच्या मनात तीच असते. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना १९४४ची. कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी फियाट ११००, मग प्रेसिडेंट आणि सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून पद्मिनी या नावाने तीच गाडी बाहेर पडत राहिली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं रूप म्हणजे हीच गाडी. रायगडच्या कितीतरी घरांचा एक पाय मुंबईत, त्यामुळे ती इथल्या लोकांना घरच्यासारखी. तिला जवळजवळ कुणीही दुरुस्त करू शकतं, हा तिचा मोठा गुण. तिला वेगळी चासी नाही, हा समुद्रकाठी तितकाच मोठा दोष. फ्लोअर, दाराखालच्या पोकळ पेट्या, खांब, छत हे सगळं मिळून गाडीचा सांगाडा होतो. या पत्र्याला भोक पडलं म्हणजे नुसतं रूप बिघडत नाही, हाडच मोडतं.

खारं वारं नेमकं काय करतं

दिघी राजपुरी खाडीच्या मुखाशी आहे आणि समोर जंजिरा. वाऱ्याबरोबर उडणारे खाऱ्या पाण्याचे बारीक थेंब गाडीवर बसतात, वाळतात आणि मीठ मागे राहतं. हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की हे मीठ हवेतला ओलावा ओढून विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते त्याहून बऱ्याच कोरड्या हवेतही ओलसर राहतं. म्हणून गाडी वरून कोरडी दिसत असताना सांध्यांत आणि पोकळ्यांत खारट ओल कायम असते. लोखंडाला पाणी आणि हवा मिळाली की गंज चढतोच. मिठामुळे तो कितीतरी भरभर चढतो, आणि क्लोराइड एकदा सांध्यात शिरलं की वरून रंग मारूनही आतलं काम थांबत नाही.

यातली एक गोष्ट इथे अनेकांच्या लक्षात येत नाही. पावसाने गाडी गंजते हे खरं, पण पाऊस उघड्या पत्र्यावरचं मीठ धुऊनही नेतो. जिथे पाऊस पोचत नाही आणि खारं वारं पोचतं, तिथे मीठ साठत जातं: चाकांच्या वरच्या कमानी, फ्लोअरची खालची बाजू, दारांचे तळ, पुढच्या मडगार्डांच्या मागच्या खोबणी. समुद्राकडे तोंड करून उघड्या असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये गाडी वर्षभर उभी राहिली तर वरून चकचकीत राहते आणि खालून संपते. “गाडी कायम शेडमध्ये होती” असं कुणी सांगितलं तर शेड कुठल्या गावात, समुद्रापासून किती दूर आणि भिंती किती बाजूंनी, हे विचारावं. रेक्झिनचं किंवा प्लॅस्टिकचं कव्हर घट्ट बांधून ठेवलेली गाडी तर त्याहून वाईट. आत कोंडलेली ओल दिवसभर तापते आणि रात्री पत्र्यावर पुन्हा पाणी होऊन बसते.

आगरदांडा-दिघी फेरीने गाडी आणली-नेली तर उतरणीवरचं ओलं खारं पाणी चाकांवाटे थेट खाली उडतं. फेरीचा उपयोग जरूर करावा, मुरूडचा मोठा वळसा वाचतो. घरी आल्यावर गोड्या पाण्याने खालून गाडी धुणं मात्र चुकवू नये. आणि दिवेआगरच्या पुळणीवर जुनी गाडी घालूच नये. ओली वाळू पोकळ्यांत जाऊन बसली की ती बाहेर काढण्याचा उपाय नाही.

कुठून घ्यावी

माझं मत स्पष्ट आहे: किनाऱ्यावरची गाडी घेऊ नये. श्रीवर्धन, मुरूड, अलिबाग, मुंबई इथली गाडी स्वस्त पडते, आणि स्वस्त पडते त्याचं कारण तिच्या तळात असतं. घाटावर जावं. पुणे, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर इथल्या कोरड्या हवेत वाढलेल्या गाडीचा मूळ पत्रा शाबूत असण्याची शक्यता कितीतरी जास्त. माणगावहून ताम्हिणी चढलं की पुणं फार लांब नाही. दोन-तीन गाड्या एका दिवसात पाहून परत येता येतं.

घाटावरची म्हणून डोळे झाकूनही घेऊ नये, कारण गाड्या गावं बदलतात. २६ जुलै २००५चा मुंबईतला पूर, जुलै २०२१चा महाड आणि चिपळूणचा पूर यांतून निघालेल्या गाड्या पुढे कुठे कुठे विकल्या गेल्या, त्याचा माग कुणी ठेवलेला नाही. पुरात बुडालेली गाडी ओळखायला सीटच्या खालच्या स्प्रिंगा, डॅशबोर्डमागच्या तारा आणि दाराच्या आतली बाजू पाहावी. गाळाची बारीक पिवळट रेघ तिथे वर्षानुवर्षं टिकते. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात आपल्या पट्ट्यात नारळ, सुपारी, आंब्याची झाडं कोसळली, काही गाड्यांवरही पडली. छत आणि खांब ठोकून सरळ केलेली गाडी असेल तर पुढच्या काचेच्या रबराखाली पत्रा लहरी दिसतो. दोन्ही बाजूंच्या दारांच्या फटी सारख्या आहेत का, तेही पाहावं.

टॅक्सी म्हणून नोंदलेल्या पद्मिनींचा विषय वेगळा. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मुदत आहे आणि शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेली. मुदत संपलेली टॅक्सी पार्टांसाठी उपयोगी पडेल. “कागद करून देतो” या भरवशावर ती चालवायला मात्र घेऊ नये.

पाहायला जाताना

ताडपत्री, बॅटरी, पातळ फडक्यात गुंडाळलेला छोटा लोहचुंबक, एक बोथट पेचकस आणि जॅक बरोबर न्यावा. विक्रेत्याला आधीच सांगावं की खाली झोपून पाहणार आहे. जो यालाच नाही म्हणेल त्याच्याकडे जाण्याचं पेट्रोल वाचवावं.

सुरुवात दाराखालच्या पोकळ पेट्यांपासून करावी. चुंबक धरून पुढून मागे नेत जावं. जिथे तो चिकटत नाही तिथे पत्रा नाही, लांबी भरलेली आहे. मग जॅक या पेटीच्या मधोमध लावून चाक जमिनीवरून जेमतेम सुटेल इतकंच उचलावं आणि दार उघडून-लावून पाहावं. फट कमी-जास्त झाली, दार अडलं किंवा कुरकुरलं तर सांगाडा आतून गेला. जॅक आत रुतायला लागला तर तिथेच थांबून नमस्कार करून निघावं. ही एक तपासणी बाकीच्या सगळ्यांपेक्षा महत्त्वाची आहे.

त्यानंतर आतली रबरी मॅट उचलावी. चालकाच्या टाचेखाली आणि मागच्या सीटखाली पेचकसाच्या मुठीने ठोकावं. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला भदभदतो. डिकीत स्टेपनीची जागा, बॅटरीचा ट्रे, हेडलाइटच्या वाट्या, पुढच्या काचेच्या रबराखालची कड, दारांचे तळ हेही पाहावं. दारांच्या तळाला पाणी जाण्याची भोकं असतात. ती बुजलेली असली तर दार आतून कुजतंच. खाली झोपल्यावर मागचे पाटे ज्या हँगरांवर टांगलेले असतात ते आणि पुढच्या सस्पेन्शनचे बोल्ट जिथे बसतात तो भाग नीट बघावा. पाटे, बुश, शॉकअप बदलता येतात. ते ज्याला धरतात तो पत्रा सडला असेल तर बदललेल्या पार्टाचा काही उपयोग नाही.

तळाला ताजं काळं कोटिंग दिसलं तर संशय घ्यावा. विकण्याच्या आदल्या आठवड्यात कुणी हौसेने गाडीचा तळ रंगवत नाही. एखाद्या कोपऱ्यातलं कोटिंग खरवडून पाहण्याची परवानगी मागावी. डांबराच्या कोटिंगखाली पत्र्याचे पापुद्रे निघालेले मी पाहिले आहेत. कोटिंगला तडा गेला की पाणी आत शिरतं आणि बाहेर पडायला वाट राहत नाही.

सगळं पाहून झालं की मग खुशाल इंजिन चालू करावं.

पत्र्याचं काम: लोखंड स्वस्त, हात महाग

आता आकडे. खालच्या बाजारभावांत गॅरेजागणिक फरक पडेल. ते घासाघीस कुठून सुरू करायची हे कळावं म्हणून दिले आहेत. सरकारी शुल्कांचे आकडे पुढे वेगळे येतील.

एक मिलीमीटर जाडीचा आठ बाय चार फुटांचा पत्रा साधारण २३ किलो भरतो. दोन्ही पेट्या, पुढचा फ्लोअर, डिकीचा तळ आणि चार दारांचे तळ इतकं काम असेल तर असे तीन पत्रे पुरतात. ७० किलो लोखंड, ७५ रुपये किलो धरले तरी सव्वापाच हजार. बस्स! पण हेच काम नीट करायला चांगला डेंटर आणि मदतनीस यांना दीड महिना सहज लागतो. जोडीचे रोजचे २,२०० धरले तर ४५ दिवसांचे ९९,००० होतात. गॅस, तार, डिस्क, प्रायमर यांचे आठ-दहा हजार वेगळे. म्हणजे सव्वापाच हजारांच्या लोखंडासाठी लाखाच्या वर. कुणी हेच काम पंधरा-वीस हजारांत करून देतो म्हणाला तर तो सडका पत्रा न कापता वरून तुकडा चिकटवणार आणि लांबी ओढणार, हे नक्की समजावं. दोन पावसाळ्यांत तुकड्याच्या कडेने गंज पुन्हा वर येतो.

छपराच्या जीआय, म्हणजे जस्ताचा थर असलेल्या, पत्र्याचे तुकडे ठोकून देण्याची पद्धत आपल्याकडे आहे, ती नको. वेल्डिंगच्या जागी जस्त जळून जातं, तिथूनच गंज सुरू होतो, आणि त्या धुराने कारागिराला ताप भरतो. साधा सीआर पत्रा, एक ते सव्वा मिलीमीटरचा, सांगून घ्यावा. पेटी बंद करण्याआधी आतून एपॉक्सी प्रायमर मारायला लावावा आणि ते होत असताना आपण तिथे उभं राहावं. बंद झालेल्या पेटीत ब्रश पुन्हा जात नाही. एपॉक्सी प्रायमर कुठे मिळतो आणि कसा मारतात, हे बोटींचं रंगकाम करणाऱ्या आपल्या बंदरावरच्या माणसांना अनेक गॅरेजवाल्यांपेक्षा चांगलं ठाऊक असतं. त्यांना विचारावं.

आता दोन गाड्या शेजारी ठेवू. किनाऱ्यावरची पद्मिनी ७०,०००ला मिळाली. पत्रा आणि मजुरी मिळून १,१५,०००, आणि इतकी कापाकापी झाल्यावर पूर्ण रंग आलाच, त्याचे ८०,०००. एकूण २,६५,०००. घाटावरची १,६०,०००ला मिळाली. पुण्याहून फ्लॅटबेडवर दिघीपर्यंत आणायला १४,०००, किरकोळ पत्रा २०,०००, पोकळ्यांत मेण-तेलाचा फवारा आणि तळाचं काम ८,०००. एकूण २,०२,०००. दुपटीहून महाग घेतलेली गाडी ६३,००० रुपयांनी स्वस्त पडली, शिवाय तिचा पत्रा कुर्ल्याच्या कारखान्यातला आहे.

दोन्ही गाड्यांना लागणारा खर्च आहेच. ब्रेक पूर्ण उघडून नवे व्हील सिलिंडर, पाइप आणि लायनर घातले की १२,००० धरावेत. समुद्रकाठी उभ्या गाडीचे व्हील सिलिंडर हमखास अडकतात, म्हणून हे काम पुढे ढकलू नये. पाच टायर २०,०००, काचा-दारांचं रबर १०,०००, वायरिंग १५,०००. इंजिन उघडायची वेळ आली तर ४० ते ६० हजार. सीट-कापड आणि बंपरचं क्रोमियम ही हौस आहे. ती दुसऱ्या वर्षी करावी.

पेट्रोलचाही विचार करायला हवा. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. पद्मिनीच्या काळातल्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा त्यासाठी बनलेले नाहीत. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि टाकीच्या तळाशी गंज धरतो. इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या, पंपाचा नवा पडदा आणि टाकी व कार्बोरेटरच्या मध्ये एक फिल्टर, हे दोन-तीन हजारांत होतं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल साठवून ठेवू नये.

कागद

दिघी, श्रीवर्धन हा भाग एमएच-०६ मध्ये, म्हणजे पेणच्या आरटीओ कार्यालयाखाली येतो. आधी गाडीचा नंबर ‘वाहन’ पोर्टलवर दिसतो का ते पाहावं. नोंदणीची जुनी पुस्तकं कित्येकदा संगणकावर चढलेली नसतात. ती नोंद मूळ कार्यालयातून विक्रेत्यानेच करून द्यावी, नाहीतर पुढचं एकही काम हलत नाही. इंजिन नंबर, चासी नंबर आणि इंधन पुस्तकाशी ताडून पाहावं. पद्मिनीत लोकांनी डिझेल इंजिनं बसवली, गॅसचे किट लावले. पुस्तकात तशी नोंद नसेल तर तपासणीत गाडी अडते. चासी नंबरावर गंज चढून तो वाचता येत नसेल तर ती गाडी सोडावी. पेन्सिलीचा छाप उमटला नाही की काम थांबलं. आणि दुसऱ्या गाडीचा नंबर कापून आणून जोडणं हा सरळ गुन्हा आहे.

खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं. ऑगस्ट २०२५च्या अधिसूचनेनुसार वीस वर्षांहून जुन्या मोटारीला त्याचं शुल्क १०,००० रुपये आहे, आणि आता रस्त्यावर असलेल्या जवळजवळ सगळ्या पद्मिनी यात बसतात. पर्यावरण कर पेट्रोल मोटारीला पाच वर्षांसाठी ३,००० रुपये असा आकारला जात आला आहे. भरण्याआधी पोर्टलवर ताजा आकडा पाहावा. उच्च सुरक्षा नंबरप्लेट ७४५ अधिक जीएसटी, म्हणजे ८८०च्या आसपास. हजार ते पंधराशे सीसीच्या मोटारीचा तृतीय पक्ष विमा २०२२च्या दराने ३,४१६, जीएसटीसह ४,०३१. सगळं मिळून जवळजवळ १८,००० होतात. मालकी बदलाचं शुल्क त्या मानाने किरकोळ. त्यासाठी फॉर्म २९ आणि ३०, गाडी दुसऱ्या कार्यालयाची असेल तर फॉर्म २८चं ना-हरकत पत्रही. नूतनीकरण विक्रेत्याने नुकतंच केलेलं असेल तर त्याची गाडी दहा-तेरा हजारांनी अधिक मोलाची आहे. केलेलं नसेल तर तेवढे पैसे किमतीतून कमी करून घ्यावेत.

पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला २०२१च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून वेगळी ‘व्हीए’ नोंदणी मिळते. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढचं नूतनीकरण ५,०००. पण ती घेतली की गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. बोर्लीच्या बाजारात जायला, पाहुण्यांना आणायला गाडी हवी असेल तर तिच्या वाटेला जाऊ नये. साधं नूतनीकरणच बरं.

पार्ट: गाडीच्या आधी दुकान

मी सांगेन की गाडी घेण्याआधी एकदा पार्टांचा बाजार फिरून यावा. काय मिळतं आणि काय मिळत नाही हे कळलं की गाडी पाहताना नजर बदलते.

टॅक्सींमुळे या गाडीच्या पार्टांचा धंदा मुंबईत कित्येक दशकं चालला. टॅक्सीला जे रोज लागायचं ते आजही मिळतं: क्लच प्लेट, ब्रेक लायनर, बुश, पाटे, बॉल जॉइंट, वॉटर पंप, डेल्कोचे पॉइंट, कार्बोरेटरचे किट, सायलेन्सर. यातली एकेक वस्तू शेकड्यांत किंवा हजार-दोन हजारांत येते. टॅक्सीवाल्याला ज्याची पर्वा नव्हती ते मिळत नाही: मूळ ग्रिल, दारांवरच्या चकचकीत पट्ट्या, मागच्या दिव्यांच्या काचा, मीटर, हातळ्या, स्टिअरिंगची मूळ रिंग, घड्याळ. म्हणून गाडी निवडताना इंजिन थकलेलं पण साजशृंगार पूर्ण अशी गाडी, इंजिन उत्तम पण साज गेलेल्या गाडीपेक्षा चांगली. हरवलेल्या एका ग्रिलसाठी माणसं वर्ष-वर्ष हिंडतात.

शिवाय टॅक्सी संपल्या तशी नवे पार्ट बनवण्याची गरजही ओसरली. दुकानांत आहे तो जुना साठा. व्हील सिलिंडर, ब्रेकचे मास्टर सिलिंडर किट, वॉटर पंप, फ्युएल पंपाचे पडदे, पुढच्या काचेचं रबर, सस्पेन्शनचे बुश यांचा एकेक जादा संच पहिल्याच वर्षी घेऊन ठेवावा. दहा-बारा हजारांत होतो. रबर उन्हापासून दूर, लोखंडी वस्तू तेल लावून प्लॅस्टिकच्या डब्यात बंद. दिघीत उघड्यावर ठेवलेला नवा बेअरिंगसुद्धा एका पावसाळ्यात जातो.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरची दुकानं आणि भंगारवाले ही पहिली जागा, ऑपेरा हाऊसकडची सुट्या भागांची दुकानं दुसरी. चोर बाजारात दिवे, मीटर, बिल्ले सापडतात, नशिबाचा भाग. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. घाटावरची गाडी पाहायला जायचं तर तो वार धरून जावं. दिल्लीच्या काश्मिरी गेटचा घाऊक बाजार दूर आहे, पण काही दुकानं कुरिअर करतात. सोबत कायम जुना पार्ट नमुना म्हणून न्यावा. फियाट ११०० डिलाइट, प्रेसिडेंट आणि पद्मिनी बाहेरून एका अंगाच्या दिसल्या तरी ग्रिल, दिवे, डॅशबोर्ड आणि कित्येक बारीक गोष्टी वर्षागणिक बदलल्या. ‘फियाटचं द्या’ म्हणून आणलेली वस्तू हमखास परत न्यावी लागते. बाजारातली नवी मडगार्डं घ्यायची तर जाडी हाताने दाबून बघावी. टॅक्सीसाठी बनवलेली पातळ असतात आणि भोकं जुळवताना डेंटरचा वेळ जातो, म्हणजे पुन्हा मजुरी.

इटलीत फियाट ११०० डीचे पार्ट अजून बनतात आणि विकले जातात. पद्मिनी त्याच घराण्यातली. क्रोमियमच्या पट्ट्या किंवा रबर तिथून मागवता येतं, पण मापं लिहून-पडताळूनच. टपालखर्च आणि सीमाशुल्क धरलं तर वस्तूची किंमत सहज दुपटीवर जाते. जे मिळतच नाही ते बनवून घ्यावं. महाड आणि विळे-भागाडच्या एमआयडीसीमुळे माणगाव पट्ट्यात लेथवाले आहेत. बुश, पिना, छोटे ब्रॅकेट नमुन्यावरून ते काही शेकड्यांत काढून देतात. मुंबईहून लहान पार्ट एसटीच्या पार्सलने येतात. काच आणि मडगार्ड मात्र स्वतः जाऊनच आणावं.

पार्टांसाठी दुसरी मेलेली गाडी घेऊन वाडीत उभी करण्याचा मोह होतो. घ्यायची तर आठवड्यात तिचे उपयोगी भाग सोडवून घरात आणावेत आणि उरलेली भंगारात द्यावी. उभी राहिली तर दोन पावसाळ्यांत तिच्यात घेण्यासारखं काही उरत नाही.

जीप घ्यावी का

घराला भिंतींची शेड नसेल, गाडी आंब्याखाली उघड्यावरच राहणार असेल, तर मी पद्मिनीऐवजी महिंद्राची जुनी जीप सुचवीन. तिची चासी वेगळी, वरची बॉडी बोल्ट सोडवून उतरते. बॉडी सडली तर तुकडा काय, अख्खी बॉडी बदलता येते आणि तिचे पार्ट तालुक्याच्या गावातही मिळतात. चासी मात्र आतून-बाहेरून ठोकून पाहून घ्यावी. डिझेल जीपचं २११२ सीसीचं इंजिन पंधराशेच्या वरच्या गटात जातं, म्हणून विमा ३,४१६ऐवजी ७,८९७ पडतो, जीएसटी वेगळा.

दरवर्षीचं काम

इथे गाडी ठेवायची तर वर्षाला आठ ते दहा हजार फक्त गंज रोखण्यावर जातील हे धरून चालावं. जळकं ऑइल तळाला फासण्याची जुनी सवय सोडावी. त्याने रबरी बुश फुगतात, धूळ चिकटते आणि गळणारं तेल विहिरीजवळच्या जमिनीत मुरतं. पोकळ्यांत मेण-तेलाचा फवारा, उघड्या सांध्यांना ग्रीस, दारांच्या तळाची भोकं तारेने मोकळी करणं आणि महिन्यातून दोनदा गोड्या पाण्याने कमानी व तळ धुणं, एवढं पुरतं. धुतल्यावर गाडी वीस-पंचवीस किलोमीटर चालवून वाळवावी. म्हसळ्यापर्यंतची फेरी त्याला योग्य. पावसाळ्यात कव्हर घालायचंच तर सुती कापडाचं, छताखाली आणि बाजूंनी वारं खेळेल असं.

मोठं काम कधी काढायचं तेही ठरवून घ्यावं. पावसाच्या हवेत उघड्या पत्र्यावर एका रात्रीत लाल थर चढतो आणि त्यावर मारलेला प्रायमर धरत नाही. नोव्हेंबर ते मार्च हाच पत्र्याचा आणि रंगाचा काळ. चांगले डेंटर तेव्हा अडकलेले असतात, म्हणून गणपतीतच भेटून तारीख ठरवावी. कुठला भाग कापायचा, किती जाडीचा पत्रा, आतून कुठला प्रायमर, हे वहीत लिहून दोघांनी सह्या कराव्यात. पैसे तीन हप्त्यांत द्यावेत: कापून झाल्यावर, जोडून झाल्यावर, आणि तिसरा पेट्या बंद होण्याआधी आतला रंग स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर.